रस्कला कोणी काढलं नाही

स्प्रिंग ग्रोव्ह, मिनेसोटा
४ एप्रिल १९७८

श्री. वोय्तास यांना,

तुमची-माझी ओळख नाही. मी आल्डेन ट्वेटनची बायको. गेली चौदा वर्षं तुमची पत्रं पेटीतून काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवते आहे, म्हणजे अक्षर तेवढं ओळखीचं.

आल्डेन इस्पितळात आहे. कुणाच्या तरी शेतावर पवनचक्की दुरुस्त करायला चढला होता, उतरताना डोक्याला लागलं आणि उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. डाव्याचाही भरवसा नाही म्हणतात. ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आहेत आणि डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हसायचं नाही, खोकायचं नाही, रागवायचं नाही. देवाच्या मनात असेल तसं होईल.

त्याला मात्र डोळ्यांची काळजी नाही, लीगची आहे. तुम्हा आठ जणांच्या टपाली बेसबॉलचा, त्या कार्डांवरच्या कागदी खेळाडूंचा आणि फाशांचा, मोसम सुरू झाला, आणि आमच्या घरची पहिलीच मालिका तुमच्या फेरीमेन संघाशी. वीस तारखेच्या आत तीन सामने खेळून निकाल पाठवला नाही, तर सेक्रेटरी तिन्ही तुम्हाला बहाल करणार. गेल्या वर्षी एका सामन्याच्या फरकाने तुम्ही आमच्या विंडमिल्सकडून गटाचं पहिलं स्थान नेलंत. ते तो अजून जेवताना काढतो.

तेव्हा फासे मी टाकणार आहे. माझी आई म्हणायची, फासे म्हणजे क्रुसाखाली बसून येशूचे कपडे वाटून घेणाऱ्या शिपायांचा धंदा. म्हणून आधी पाद्रीबाबांना विचारलं. ते म्हणाले, पैसा लागत नाही ना? मग ते नुसतं गणित. गणित मला येतं. हायस्कूल पास आहे, चर्चच्या महिला मंडळाचे हिशोब माझ्याकडे असतात, आणि लीगची नियमावली मी आरंभापासून शेवटपर्यंत वाचली आहे.

पाहुण्या संघाने सूचना लिहून पाठवायच्या आणि यजमानाने आपल्या घरी एकट्याने दोन्ही संघांचे फासे टाकायचे, बघायला कुणी नाही, ही पद्धत मला जरा विचित्र वाटली. आल्डेन म्हणाला, “बघायला कुणी नाही म्हणूनच तर चालते.”

सूचना लवकर पाठवाव्यात.

मिसेस आल्डेन ट्वेटन


मॅनिटोवॉक, विस्कॉन्सिन
९ एप्रिल

मिसेस ट्वेटन,

अहो, काय ऐकतोय हे! त्याला म्हणावं, पहिलं स्थान गेलं म्हणून कुणी डोळे झाकून बसत नाही. (हे त्याला वाचून दाखवू नका. तो हसला तर डॉक्टर माझ्या नावाने बोंबलायचे.)

माझी इरेना तुमचं पत्र वाचून म्हणाली, “बघ काझिक, ही खरी बायको. नवऱ्यासाठी पाद्रीला विचारून फासे हातात घेते. मी असते तर फासे गाडीबरोबर विकून मोकळी झाले असते.” तेव्हा इकडून तुम्हाला सलाम.

पहिल्या दोन सामन्यांच्या सूचना सोबतच्या कागदावर आहेत. कोण आधी मारणार, कोण कुठे उभा राहणार, चेंडू टाकणारा पिचर कधी बदलायचा, सगळं लिहिलंय. तिसऱ्यात माझा म्हातारा डॉइल रस्क चेंडू टाकेल. पुढचं नेहमीप्रमाणे, आल्डेनला माहीत आहे.

घाईत आहे. सरोवरावरचा बर्फ फुटलाय, बोटी सुरू झाल्या, आणि इंजिनखोलीतल्या माझ्यासारख्या तेलवाल्याशिवाय कप्तानसुद्धा नुसता टोपी घातलेला माणूस असतो.

फासे टाकताना प्रार्थना केलीत, तर त्यात फेरीमेनलाही घ्या. आम्ही कॅथलिक असलो तरी देव एकच आहे असं ऐकतो.

तुमचा
कॅझ वोय्तास


स्प्रिंग ग्रोव्ह
१७ एप्रिल

श्री. वोय्तास यांना,

मालिका पूर्ण झाली. गुणपत्रकं सोबत आहेत, एक प्रत सेक्रेटरींना गेली.

पहिला सामना तुम्ही जिंकलात, ५–४. दुसरा आम्ही, ६–३. तिसऱ्यात सहा डावांपर्यंत तुम्ही २–१ असे पुढे होतात. सातव्यापासून तुमचा रस्क थकला. नियमाप्रमाणे म्हातारा पिचर थकला की त्याच्या कार्डावरची काळी रांग सोडून लाल रांग धरायची. लाल रांगेत दुसरं काय असणार, जवळजवळ प्रत्येक फाशाला मार. सातव्या आणि आठव्या डावात मिळून आमच्या दहा धावा झाल्या. शेवट ११–२.

तिसऱ्या सामन्यात पिचर बदलण्याविषयी तुमच्या कागदावर काही नव्हतं, म्हणून रस्क शेवटपर्यंत राहिला. मी कागदाला धरून चालले.

आल्डेनला निकाल सांगितला तेव्हा तो हसला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. नर्स मला ओरडली, पण ते ओरडणं मी आनंदाने ऐकून घेतलं.

मिसेस आल्डेन ट्वेटन


मॅनिटोवॉक
२२ एप्रिल

मिसेस ट्वेटन,

निकाल मिळाले. अभिनंदन. रस्कचा हात खांद्याला अजून चिकटलेला आहे ना?

आल्डेनला सांगा, ठीक आहे.

सोबत एक छोटं पदक आहे. ते इरेनाचं. संत लुसिया डोळ्यांची राखण करते म्हणे. मी म्हटलं, अगं ते लुथरन आहेत, संतांना दारातूनच परत पाठवतील. ती म्हणाली, “त्यांच्यात पण लुसिया बनलेली पोरगी डिसेंबरात डोक्यावर मेणबत्त्या लावून घरभर फिरते. मेणबत्तीला दार उघडतात, तर पदकाला पण उघडतील.” गळ्यात घालायचं नसेल तर उशीखाली ठेवा. उशीला धर्म नसतो.

कॅझ वोय्तास


स्प्रिंग ग्रोव्ह
३० एप्रिल

श्री. वोय्तास यांना,

पदक पोचलं. तुमच्या पत्नींना माझे आभार सांगा. आमच्यात अशी रीत नाही, पण आल्डेनने ते हातात धरून ठेवलं आणि दिलं नाही.

गुरुवारी त्याला घरी आणलं. पुढच्या खोलीत पलंग टाकला आहे. उजवा डोळा गेला असं डॉक्टर आता स्पष्ट म्हणतात. डाव्यावरची पट्टी मे अखेर निघेल, तेव्हा कळेल. तोवर आलेलं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवते.

एक विनंती आहे. यापुढे पत्रात डॉइल रस्कचा किंवा त्या तिसऱ्या सामन्याचा विषय काढू नये. डॉक्टरांनी त्याला कसलाही विचार करायला लावू नका असं सांगितलं आहे. आम्ही जिंकलो एवढं त्याला कळलं आहे, तेवढं पुरे.

तुमच्या घरच्या मालिकेसाठी आमच्या सूचना पुढच्या आठवड्यात पाठवते.

मिसेस आल्डेन ट्वेटन


मॅनिटोवॉक
४ मे

मिसेस ट्वेटन,

कोण रस्क? मी कुठल्याही रस्कला ओळखत नाही. माझ्या ओळखीचा रस्क म्हणजे कॉफीत बुडवायचा.

तुमचं पत्र वाचून मला इतकं बरं वाटलं की इरेनाने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. एक डोळा गेला त्याचं वाईट वाटतंच, गैरसमज नको. पण आल्डेनला म्हणावं, अर्धी बोट बुडाली तरी उरलेल्या अर्ध्यावर माणसं किनाऱ्याला लागतात. मी पाहिलीत. आणि म्हणावं, पट्टी निघाली की पहिलं मला लिही. चार ओळी. वाकड्या आल्या तरी चालतील, सरळ कधी होत्या?

सूचनांची वाट बघतो. तेरा तारखेला फासे टाकीन. इरेनाने स्वयंपाकघरातलं टेबल दिलंय, पण एका बाजूला ती पिएरोगीचं, म्हणजे उकडायच्या करंज्यांचं, पीठ मळणार या अटीवर. गेल्या वर्षी एक फासा पिठात गेला आणि आम्हाला उकडलेला मिळाला.

कॅझ


स्प्रिंग ग्रोव्ह
८ मे

श्री. वोय्तास यांना,

तिन्ही सामन्यांच्या संपूर्ण सूचना सोबत जोडल्या आहेत. तिसऱ्याच्याही. कुठेही कुणाला अंदाज करावा लागू नये अशा लिहिल्या आहेत.

तिसऱ्या सामन्यात आमचा टेडी मार्श चेंडू टाकेल. तो थकला, लाल रांग सुरू झाली, तरी त्याला शेवटपर्यंत ठेवावं. काहीही झालं तरी बदलू नये. याचं कारण विचारू नये.

आल्डेनचा निरोप थोडा निराळा होता, पण मी लिहिलेलं आहे तेच पाळावं.

व्हर्ना ट्वेटन


मॅनिटोवॉक
१९ मे

मिसेस ट्वेटन,

पहिला सामना आम्ही ३–१. दुसरा आम्ही ७–६, आणि तो बाराव्या डावापर्यंत गेला, माझी पिएरोगी गार झाली.

आता तिसरा. सांगतो तसा ऐका, कारण त्यात मी गुन्हा केलाय.

सहा डाव झाले, विंडमिल्स ४–२ पुढे. सातव्याला तुमचा मार्श थकला. माझी मारणारी मंडळी ओळीने उभी, पुढे बिग स्टॅन, त्याच्यामागे लेफ्टी ग्रब. लाल रांगेत त्या दोघांनी मार्शची चटणी केली असती. मी फासे हातात घेतले आणि थांबलो.

इरेना पीठ लाटता लाटता म्हणाली, “काय झालं? दात दुखतोय?”

“बाईने लिहिलंय, मार्शला ठेवा.”

“मग ठेव. बाईला कळत असेल.”

“तेच ना. कळतंय म्हणूनच लिहिलंय.”

“काझिक, दुसऱ्याचा कागद मोडशील तर पापनिवेदनाला जावं लागेल, आणि फादर झिग्मुंट बहिरे आहेत, सगळ्या रांगेला ऐकू जाईल.”

“जाऊ दे ऐकू. आमच्यात तिसऱ्याचा कागद नसतोच.”

आणि मी मार्शला काढलं. तुमचा तो पोरगेला डावखुरा ओडेल आणला. त्याने बिग स्टॅनला असा बसवला की मीच टाळी वाजवली, स्वतःच्या माणसावर. शेवट विंडमिल्स ४, फेरीमेन ३. हरलो.

मिसेस ट्वेटन, आल्डेनने तुम्हाला सांगितलं असेल किंवा नसेल, म्हणून लिहितो. पहिल्याच वर्षी माझी बोट बर्फात अडकली आणि सूचना पोचल्या नाहीत. आल्डेनला तो सामना फुकट घेता आला असता. त्याऐवजी त्याने माझा संघ माझ्यासारखा चालवला, माझ्यापेक्षा बरा चालवला, आणि स्वतः हरला. सेक्रेटरीला आजही माहीत नाही. तेव्हापासून तिसऱ्या सामन्याला आम्ही एकमेकांना सूचना पाठवत नाही. ज्याच्या घरी सामना, त्याने पाहुण्याचं ताट आधी वाढायचं.

मार्शला उन्हात उभं करून तुम्हाला कसला तरी हिशोब मिटवायचा होता असं मला वाटतंय. मी हिशोबात कच्चा आहे. मला तो मिटवता येत नाही, म्हणून तुमचा कागद मोडला. सेक्रेटरीकडे तक्रार करायची तर खुशाल करा, पत्ता तोच आहे.

कॅझ


स्प्रिंग ग्रोव्ह
२८ मे

श्री. वोय्तास,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. कागद वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही, त्यावरून समजा.

आल्डेनच्या डाव्या डोळ्यावरची पट्टी मंगळवारी निघाली. दिसतं. धूसर, पण खिडकीतून धान्याच्या कोठाराचं छप्पर दिसतं, माझा चेहरा दिसतो. डॉक्टरांनी चष्मा सांगितला आहे. बारीक अक्षर वर्षभर वाचायचं नाही. देवाचे आभार मानायला मी गुडघे टेकले आणि प्रार्थना अर्धीच सोडून उठले. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली होती.

खरं काय झालं ते सांगते.

एप्रिलमध्ये तिसऱ्या सामन्याच्या सातव्या डावाला मी थांबले होते. तुमच्यासारखीच. तुमच्या कागदावर काही नाही हे बघितलं, आणि नियमावली उघडली. त्यात सरळ लिहिलं आहे: पाहुण्याच्या सूचना जिथे गप्प असतील, तिथे यजमानाने पाहुण्याचं हित पाहून खेळावं. मी ते वाचलं. माझं बोट त्या ओळीवर होतं. नेहमीप्रमाणे म्हणजे काय ते आल्डेनला विचारायचं, तर फक्त बसने इस्पितळात जायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी जाणारच होते. मला विचारायचंच नव्हतं.

मी पुस्तक मिटलं आणि रस्कला ठेवलं.

आणि मला मजा वाटली, श्री. वोय्तास. प्रत्येक फाशाला लाल रांगेत मार निघत होता आणि मी टेबलावर हात आपटत होते. मी. ज्या बाईने मंडळाच्या हिशोबात कधी एक पोस्टाचं तिकीट इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. आल्डेनसाठी केलं असं मी स्वतःला सांगत होते, त्याला हसवायला. पण सहाव्या धावेनंतर त्यात आल्डेन नव्हता. मला तुम्हाला तुडवायचं होतं. चौदा वर्षं जेवणाच्या टेबलावर त्याच्या तोंडी तुमचं नाव, कॅझ असं म्हणतो, कॅझने काय लिहिलंय ऐक. त्याने मला कधी अशी पत्रं लिहिली नाहीत.

मग तुम्हाला लिहिलं, मी कागदाला धरून चालले. ते खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त वाईट होतं.

आल्डेनने विचारलं, “रस्कला कितव्या डावात काढलंस?” मी म्हटलं, “सातव्यात.” पट्टी बांधलेल्या माणसाला. मग तुमचं पत्र आलं, हात खांद्याला चिकटलेला आहे ना. ते वाक्य मी वाचून दाखवलं नाही. गाळून पुढे गेले. तो म्हणाला, “आज कॅझचं पत्र छोटं आहे.” म्हणून तुम्हाला रस्कचा विषय काढू नका असं लिहिलं आणि डॉक्टरांचं नाव घेतलं. डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नव्हतं.

तुमच्या मालिकेच्या सूचना लिहायच्या होत्या तेव्हा तो म्हणाला, “तिसऱ्याचं काही लिहू नकोस. नेहमीप्रमाणे म्हण.” तेव्हा मी विचारलं, आणि त्याने ती बर्फातल्या बोटीची गोष्ट सांगितली. पलंगावर पडून, छताकडे तोंड करून, मजेत सांगत होता. मी पायांशी बसून मोजे रफू करत होते. सुई दिसत नव्हती.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी त्याला “बरं, तसंच लिहिते” म्हटलं आणि तुम्हाला मार्शचं लिहिलं. वाटलं, आम्हालाही तसाच मार बसला की मिटेल. मनात जोडून बघितलं, आणि बरोबर येतंय असं वाटलं.

तुमचं १९ तारखेचं पत्र आलं तेव्हा पट्टी निघायची होती. मला तेही गाळून वाचता आलं असतं. मी सगळं वाचलं, तुमच्या “मार्शला काढलं”पर्यंत, मग थांबले, आणि एप्रिलपासूनचं माझं सगळं सांगितलं.

तो ऐकत होता. मध्ये एकदा म्हणाला, “पाणी दे.” दिलं.

शेवटी म्हणाला, “आधी त्याचा माणूस उन्हात उभा केलास. मग आपला. व्हर्ना, दोन्ही वेळा तुझं स्वतःचं काय पणाला लागलं होतं?”

मी पाण्याचा पेला परत भरून ठेवला.

मग त्याने विचारलं, “कॅझला कळलं?”

“त्याने रस्कच्या हाताचं विचारलं होतं. मी वाचलं नाही.”

“म्हणजे एप्रिलपासून त्याला ठाऊक आहे.” एवढं म्हणून त्याने भिंतीकडे तोंड केलं. वाळूच्या पिशव्या नुकत्याच काढल्या होत्या, डोकं हलवायला आता मोकळीक होती. पहिल्यांदा हलवलं ते माझ्यापासून दूर.

सेक्रेटरींना मी स्वतः लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, नोंदलेला निकाल बदलत नाहीत, आणि सूचनांत मौन असल्याने नियमभंग सिद्ध होत नाही. म्हणजे तक्त्यात ११–२ असंच राहणार, लीगच्या बुलेटिनमध्ये छापलेलं.

पट्टी निघाल्यावर दुसऱ्या दिवशी आल्डेनने कार्डं मागितली. म्हणाला, सातव्यापासून परत खेळायचं. नोंदीसाठी नाही. तो तुमच्या बाजूने बसला, मी आमच्या. कार्डं मी वाचून दाखवायची, फासे त्याने टाकायचे. रस्कला काढलं, तुमचा तो कॅनडाचा उंच पिचर आणला. त्याने जीव तोडून तुमचा संघ चालवला. एका डोळ्याने फासे अगदी जवळ जाऊन बघत होता.

तुम्ही हरलात. ३–२. आम्ही नवव्यात जिंकलो, सरळ.

मला वाटलं होतं, तुम्ही जिंकाल आणि मला शिक्षा मिळाल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. तो म्हणाला, “बघ. मिळणारच होता.” जो सामना हात न लावता पदरात पडला असता, तो मी चोरला.

आता आमच्या घरात भांडण नाही. तो “मीठ दे” म्हणतो, “दार लाव” म्हणतो. तुमचं नाव मात्र जेवताना काढत नाही. ते मला हवं होतं ना इतकी वर्षं? मिळालं.

तुम्ही दोन्ही वेळा मला हसून सोडलंत. एकदा रस्क म्हणजे कॉफीत बुडवायचा म्हणून, एकदा हिशोबात कच्चा म्हणून. तुमच्या चांगुलपणाचं ओझं मला पेलत नाही. माफी मागते, पण ती लगेच देऊ नका. उत्तर लिहिलंत तर त्यात विनोद नको. एकदा तरी मला सरळ रागवा.

व्हर्ना ट्वेटन


मॅनिटोवॉक
३ जून

व्हर्ना,

तुम्ही मागितलंत म्हणून लिहितो.

तुम्ही वाईट केलंत. फासे तुमच्या हातात होते हे मला माहीत होतं, पण मी समजलो, डोकं आल्डेनचं आहे. त्यानेच शेजारून सांगितलं असणार, ठेव रस्कला, होऊ दे त्याचं भरीत. ११–२ वाचून मी इरेनाला म्हटलं, आल्डेन आता माझा मित्र राहिला नाही. एक डोळा जायला आला तर माणूस असा होत असेल, म्हटलं. त्याची सगळी पत्रं मी खोक्यात भरून तळघरात नेऊन ठेवली. “आल्डेनला सांगा, ठीक आहे” असं तुम्हाला लिहिलं, ते ठीक नव्हतं. ते त्याला उद्देशून शेवटचं होतं.

रस्कचा विषय काढू नका असं तुमचं पत्र आलं, तेव्हा मला कळलं की त्याला ठाऊकच नाही. इरेना तळघरात गेली आणि खोकं वर घेऊन आली. वर आणताना तिचा पाय घसरला, गुडघा अजून सुजलेला आहे. हेही लिहायचं नव्हतं.

म्हणजे सामना तुम्ही घेतलात ते मला काही नाही. चौदा वर्षांच्या मैत्रीतला माणूस तुम्ही माझ्याकडून काही दिवस नेलात, आणि तो तिकडे पट्टी बांधून पडलेला, त्याला पत्तासुद्धा नाही. मला लागलं. अजून लागतं.

आल्डेनला हे पत्र वाचून दाखवा. सगळं. आणि त्याला सांगा, मी त्याच्यावर संशय घेतला, त्याची माफी मागायला मी स्वतः येतोय. बोटीतून सुट्टी मिळाली की बसने येईन. त्या वेळी तुम्हीही घरी असा.

मी रागावलेला आहे. राग गेला की कळवीन.

काझिमिर वोय्तास